ग्राफीनओएस आणि मोटोरोलाच्या करारात मला नेमकं काय हवंय

मार्च २०२६ मध्ये बार्सिलोनाच्या मोबाईल वर्ल्ड काँग्रेसमध्ये मोटोरोलाने ग्राफीनओएस फाउंडेशनबरोबर भागीदारी जाहीर केली आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलेय. ग्राफीनओएस म्हणजे अँड्रॉइडच्या उघड्या कोडवर बांधलेली, प्रायव्हसी आणि सुरक्षेवर भर देणारी फोनची ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस). इतकी वर्षं ही ओएस फक्त गूगलच्या पिक्सेल फोनवर चालायची, म्हणजे गूगलपासून लांब राहायचं तर आधी गूगलचाच फोन विकत घ्या, आणि हे ऐकलं की निम्मे लोक तिथेच विषय सोडून देतात. पण पिक्सेलच का, हे कळल्याशिवाय या कराराचं मोल कळत नाही, म्हणून आधी ते.

पिक्सेलचा बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, अनलॉक होतो आणि दुसरी ओएस टाकता येते म्हणून, असं बऱ्याच जणांना वाटतं. अनलॉक तर पुष्कळ फोनचा व्हायचा, आता एकेक कंपनी ते दार बंद करत चाललीये, सॅमसंगने वन यूआय ८ मध्ये तो पर्यायच काढून टाकला. खरा मुद्दा अनलॉकच्या पुढचा आहे. पिक्सेलवर दुसरी ओएस टाकली की त्या ओएसची की (डिजिटल सही तपासायची किल्ली) फोनमध्ये नोंदवता येते आणि बूटलोडर परत लॉक करता येतो, मग दरवेळी फोन चालू होताना त्याच कीने सही केलेली सिस्टीम आहे ना हे तपासलं जातं आणि कोणी मधे ढवळाढवळ केली असेल तर ती सिस्टीम चालूच होत नाही. चालू करताना काही सेकंद पिवळं चिन्ह येतं, या फोनवर वेगळी ओएस आहे अशी सूचना येते आणि खाली अक्षरं-आकड्यांची ओळ दिसते, ती ग्राफीनओएसच्या साइटवरच्या ओळीशी ताडून बघायची. बहुतेक लोक ती स्क्रीन बघून घाबरतात, मला मात्र तीच सगळ्यात भरवशाची वाटते, कारण फोनवर काय चाललंय हे कोणाच्या शब्दावर न जाता स्वतः बघता येतं. बाकी बऱ्याच फोनवर कस्टम रॉम, म्हणजे बाहेरची ओएस, टाकल्यावर बूटलोडर उघडाच ठेवावा लागतो, म्हणजे प्रायव्हसी मिळवायला गेलात आणि घराचं कुलूप काढून आलात.

दुसरी गोष्ट मेमरी टॅगिंगची, आणि इथे जरा थांबते कारण याबद्दल मराठीत फारसं कोणी लिहीत नाही. फोन हॅक करणारी महागडी हत्यारं बहुतेक वेळा मेमरीच्या चुकांवर चालतात, म्हणजे प्रोग्रॅमने जी जागा सोडून दिलीये तीच परत वापरायची किंवा ठरलेल्या जागेच्या बाहेर लिहायचं. एआरएमच्या नव्या चिप्समध्ये मेमरीच्या दर १६ बाइटला ४ बिटांचा टॅग लावता येतो आणि त्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरमध्येही तोच टॅग असतो, दोन्ही जुळले तर काम पुढे, नाही जुळले तर ॲप तिथल्या तिथे बंद. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पिक्सेल ८ मध्ये ही सोय होती पण ती डेव्हलपर ऑप्शन्समध्ये पडून होती, ग्राफीनओएसने ती सिस्टीमसाठी कायमची चालू केली. टाकल्यावर एखादं ॲप अचानक क्रॅश होतं आणि नोटिफिकेशन येतं की यात मेमरीची गडबड सापडली, तेव्हा लोक ओएसला शिव्या घालतात, पण ती चूक त्या ॲपमध्ये आधीपासूनच होती, दुसऱ्या फोनवर ती गुपचूप चालून जायची इतकंच.

तर फोनमध्ये काय काय हवं अशा अटींची अख्खी यादी ग्राफीनओएसवाल्यांनी उघडपणे साइटवर ठेवलीये. वेगळी सिक्युरिटी चिप हवी, म्हणजे पिन किती वेळा चुकवता येईल यावर हार्डवेअरचा लगाम राहतो, फर्मवेअरचे (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) पॅच, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, वेळेवर हवेत, सपोर्ट अनेक वर्षं हवा. पिक्सेल सोडला तर कोणाचाच फोन त्यात बसत नव्हता. मोटोरोलाचे आत्ताचे फोनही बसत नाहीत, म्हणून ही ओएस पुढे येणाऱ्या मॉडेलवरच येणार आहे, आत्ता हातात असलेल्या मोटोवर नाही, हे नीट लक्षात घ्या कारण "माझ्या मोटोवर कधी येणार" हा प्रश्न मला सारखा येतोय. आणि माझ्या मते करारातली सगळ्यात मोठी कमाई हीच, की फोन बाजारात आल्यावर कोणीतरी त्यावर ओएस बसवत बसण्यापेक्षा फोन बनतानाच त्या अटी समोर असतील. फर्मवेअर कंपनीच्या ताब्यात असतं, मोडेमचं, चिपचं, आणि तिथला पॅच कंपनीने दिला नाही तर ओएसवाल्यांनी कितीही डोकं लावलं तरी काही होत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

मग कंपन्या इतकी वर्षं पुढे का आल्या नाहीत? पैसा हे कारण आहेच, पण एक कारण कागदावरचंही होतं. फोनवर प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलने मान्य न केलेलं अँड्रॉइड तुम्ही एकाही फोनवर विकायचं नाही, अशी अट गूगल कंपन्यांना घालत होती. युरोपियन कमिशनने जुलै २०१८ मध्ये गूगलला ४.३४ अब्ज युरोचा दंड ठोकला त्यात हीसुद्धा अट होती, पुढे २०२२ मध्ये कोर्टाने दंड ४.१२५ अब्जांवर आणला पण निकाल बहुतांशी कायम ठेवला.

आणि ज्यांनी हिंमत केली त्यांचं काय झालं तेही बघा. २०१४ मध्ये ब्लॅकफोन आला होता, पीजीपी हे ईमेल एन्क्रिप्शन बनवणारे फिल झिमरमन यांची सायलेंट सर्कल आणि स्पेनची गीक्सफोन, दोघांनी मिळून काढलेला, प्रायव्हेटओएस नावाची स्वतःची सिस्टीम घातलेला. कल्पना चांगली होती, विक्री झाली नाही, दोन-अडीच वर्षांत प्रायव्हेटओएस बंद पडली. त्याच वर्षी अँड्रॉइडवर बेतलेली ओएस बनवणारी सायनोजेन आणि वनप्लसची जोडी जमली, ती प्रायव्हसीसाठी नव्हती पण धडा तोच. वनप्लस वन सायनोजेनवर चालायचा, आणि वर्ष संपायच्या आत सायनोजेनने भारतासाठीचे एक्सक्लुझिव्ह हक्क मायक्रोमॅक्सला देऊन टाकले, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, काही काळ वनप्लसची भारतातली विक्रीच थांबली, वनप्लसने चिडून स्वतःची ऑक्सिजनओएस बनवली, आणि ३१ डिसेंबर २०१६ ला सायनोजेनच्या सर्व्हिसेस बंद झाल्या. ज्यांनी तो फोन घेतला त्यांनी यात काय केलं होतं? काहीच नाही. दोन कंपन्यांचं बिनसलं आणि अपडेटची वाट बघत बसले ते. पुढे लोकांनी तो कोड उचलून लिनेजओएस उभी केली म्हणून बरं.

ग्राफीनओएसचा स्वतःचा जन्मही अशाच भांडणातून झालाय. आधी ती कॉपरहेडओएस होती, मागे कंपनी होती, २०१८ मध्ये कंपनी आणि मुख्य डेव्हलपर यांचं फाटलं आणि डेव्हलपरने साइनिंग की नष्ट केल्या, कारण त्या चुकीच्या हातात पडल्या असत्या तर चालू फोनवर काहीही अपडेट म्हणून ढकलता आलं असतं. त्या फोनचे अपडेट तिथेच थांबले. कठोर वाटतं, पण मला तो निर्णय पटतो. अपडेटवर सही कोणाची हे ज्याच्या हातात, फोन खरं म्हणजे त्याचा. म्हणूनच मोटोरोलाच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न कॅमेरा किती मेगापिक्सेल हा नाही. सही ग्राफीनओएसच्याच कीने होणार का, बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार होणारी सिस्टीम, त्यांच्याच मशीनवर बनणार का, आणि कंपनीच्या परवानगीची वाट न बघता ते अपडेट सोडू शकणार का, हे मला बघायचंय.

मोटोरोला लेनोवोची आहे हेही लोक काढतातच आणि काढलंच पाहिजे. २०१५ च्या सुरुवातीला लेनोवोच्या लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर सापडलं होतं, जाहिराती दाखवायला त्याने स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कोणत्या साइटवर विश्वास ठेवायचा हे ठरवणारा दाखला) घातलेलं, त्याने एन्क्रिप्टेड कनेक्शनसुद्धा मधेच उघडून बघता येत होती. हे विसरायचं नाही. पण म्हणून करारच नको असं मी म्हणणार नाही, कारण व्हेरिफाइड बूट (वर सांगितलेली सहीची तपासणी), ॲटेस्टेशन (फोनवर कोणती सिस्टीम आहे याचा हार्डवेअरनेच दिलेला दाखला), उघडा कोड हे सगळं मुळात कंपनीवर कमीत कमी विश्वास टाकावा लागावा म्हणूनच आहे. फर्मवेअरपुरता विश्वास टाकावाच लागतो, तो पिक्सेलवर गूगलवर टाकतोच की आपण.

फेअरफोनचं उदाहरण मी मुद्दाम वेगळं ठेवलंय. म्यूरेनाची ई ओएस घातलेले फेअरफोन २०२० पासून विकत मिळतात, भागीदारी टिकलीये, आणि फेअरफोनचा सपोर्टही लांब असतो. पण ई ओएसचा भर गूगलच्या सर्व्हिसेस काढून दुसऱ्या देण्यावर आहे, हल्ल्यापासून बचाव हा त्यांचा मुख्य विषय नाही आणि सिक्युरिटी पॅच उशिरा येतात. जाहिरातवाल्यांना डेटा मिळू नये एवढंच हवं असेल त्याने खुशाल घ्यावा. पत्रकार, वकील, किंवा ज्यांच्या मागे कोणीतरी हात धुऊन लागलंय अशा कोणाला मी तो सुचवणार नाही.

आता करार जाहीर झाला २०२६ मध्ये, पण त्याची पायाभरणी २०२५ मध्येच का झाली, तर गूगलने एकामागून एक दारं बंद केली म्हणून. मार्चमध्ये अँड्रॉइडचं काम पूर्णपणे आतल्या आत न्यायचं ठरलं, जूनमध्ये अँड्रॉइड १६ चा कोड आला तर पिक्सेलचे डिव्हाइस ट्री, म्हणजे त्या फोनच्या हार्डवेअरशी ओएस जुळवायच्या फायली, त्यात नव्हतेच, ज्यांच्या जोरावर बाहेरचे लोक पिक्सेलसाठी ओएस बनवत होते. पॅचचंही तसंच, फोन कंपन्यांना ते जाहीर व्हायच्या आधी मिळतात, पूर्वी साधारण महिनाभर आधी मिळायचे, आता कित्येक महिने आधी, आणि तेवढा वेळ ते कितीतरी लोकांच्या हातात फिरत असतात पण तुमच्या फोनवर नसतात. एका कंपनीशी बोलणी सुरू झाल्यावर ग्राफीनओएसला ते आधी मिळायला लागले आणि त्यांनी सिक्युरिटी प्रिव्ह्यू म्हणून वेगळे बिल्ड काढले, ज्यांना हवेत त्यांनी चालू करायचे, फक्त त्या पॅचचा कोड ठरलेल्या तारखेपर्यंत उघड करता येत नाही. उघड्या कोडवर प्रेम करणाऱ्यांना हे टोचतं, मलाही टोचतं, तरी मी ते चालू करा असंच सांगेन, कारण माहीत असलेलं भोक महिनोनमहिने उघडं ठेवण्यात कसलंच तत्त्व नाही.

एका गोष्टीवर मात्र नुसत्या कराराने औषध मिळणार नाही, ती म्हणजे बँकेची आणि पैशांची ॲप्स. यातली बरीच गूगलच्या प्ले इंटेग्रिटीला विचारतात की हा फोन ठीक आहे का, आणि गूगल फक्त स्वतः सर्टिफाय केलेल्या सिस्टीमलाच हो म्हणते, त्यामुळे वर्षानुवर्षं पॅच न मिळालेला जुना फोन कित्येकदा पास होतो आणि कालच अपडेट झालेली ग्राफीनओएस नापास. मी वापरते त्यातल्या एका ॲपने मला असंच बाहेर काढलं, कस्टमर केअरने "फोन रूट केलेला आहे" (म्हणजे सिस्टीमचे सगळे अधिकार उघडे केलेत) असं ठाम सांगितलं, तो रूट नाहीये हे सांगून काही उपयोग झाला नाही. यावर उपाय आहे, अँड्रॉइडमध्येच हार्डवेअर ॲटेस्टेशन आहे, ॲपवाले ग्राफीनओएसच्या की आपल्या यादीत घालून फोन थेट तपासू शकतात, गूगलला मधे घ्यायची गरज नाही आणि त्याची गाइड ग्राफीनओएसच्या साइटवर आहे. काही ॲप्सनी हे केलंय. आतापर्यंत "तुमच्यासारखे किती जण आहेत" असं म्हणून टाळता येत होतं, एवढ्या मोठ्या कंपनीचे फोन दुकानात आल्यावर ते उत्तर चालणार नाही. तुमचं एखादं ॲप अडत असेल तर त्यांच्या सपोर्टला ती गाइड आत्ताच पाठवून ठेवा, फोन येण्याची वाट बघू नका.