तुम्ही विचारलंत म्हणून, माउली

गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी कधी मोडत नाही, आणि तरीही दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना कायद्याने लग्न करता यावे असे म्हणता. एकाच माणसाला हे दोन्ही कसे जमते? हा प्रश्न मला दिंडीत, नातलगांच्या कार्यात आणि सांगलीत विश्रामबागेतल्या सकाळच्या फेरीत इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात वाईट काही नसते, त्यांना खरोखरच कोडे पडलेले असते. ते कोडे मलाही पडले होते.

माझी नोकरी नोंदणी खात्यात झाली आणि त्यातली काही वर्षे विवाह नोंदणीचे टेबल माझ्याकडे होते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली जोडप्याने नोटीस द्यायची, ती आम्ही फलकावर लावायची, ३० दिवस थांबायचे, आणि कायद्यात बसेल असा आक्षेप आला नाही तर विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या उपस्थितीत लग्न लागायचे. बाकी विधी दोघांनी हवा तो करावा; मात्र मी तुला कायदेशीर पत्नी म्हणून, मी तुला कायदेशीर पती म्हणून स्वीकारतो किंवा स्वीकारते, हे वाक्य दोघांनाही म्हणावेच लागते. ते म्हणताना भल्याभल्यांचा आवाज कापलेला मी ऐकला आहे. एका मुलीने ते वाक्य चिठ्ठीवर लिहून आणले होते आणि घामाने त्यातली शाई तिच्या तळहाताला लागली होती. त्या टेबलावर आम्ही वय विचारत होतो, पत्ता विचारत होतो, आधीचा जोडीदार हयात आहे का हे विचारत होतो. तुमच्या देवाला हे लग्न मान्य आहे का, असा रकाना त्या कागदात नव्हता.

पूर्वी मात्र तसलीच अट होती. १८७२ च्या विवाह कायद्यात वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, शीख, जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही असे जाहीर करावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने ती अट काही धर्मीयांपुरती सैल झाली आणि १९५४ च्या कायद्याने सर्वांसाठी गेली. माळ काढून ठेवा किंवा ही बाजू सोडा, असे मला कोणी सांगतो तेव्हा रद्द झालेला तो जुना कागदच पुन्हा माझ्यापुढे सही करण्यासाठी सरकवला जात आहे असे मला वाटते.

माझ्या आईवडिलांचे लग्न १९४६ साली गांधी पद्धतीने झाले. कुंडल आणि आसपासच्या गावांत ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या माणसांनी त्या काळी अशी लग्ने लावली, कारण लग्नापायी कर्जात बुडणारी घरे त्यांनी पाहिली होती. वडिलांच्या लग्नात भटजी नव्हते, मानपान नव्हता, एकमेकांच्या गळ्यात सुताचे हार घातले आणि कार्य झाले. माझी आजी शेवटपर्यंत म्हणत असे की ह्यांचे लग्न लागलेच नाही. तिच्या धर्माप्रमाणे ते खरे असेलही. परंतु त्याच लग्नातून आम्ही पाच भावंडे झालो आणि सातबाऱ्यावर आमची नावे वारस म्हणून विनातक्रार लागली.

आता माझ्या भाचीविषयी, कारण खरा प्रश्न तिच्यामुळेच विचारला जातो. ती आणि तिची सोबतीण बारा वर्षे एका घरात राहतात. ताईने मला हे सांगितले तेव्हा मी सहा महिने त्यांच्या उंबऱ्याला पाय लावला नाही, आणि त्या सहा महिन्यांची खंत आजही माझ्या मनातून गेलेली नाही. पुढच्या आषाढीला तरडगावच्या अलीकडे, चांदोबाच्या लिंबाजवळ, उभ्या रिंगणात अश्व धावून गेले आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी गर्दी उसळली. ताईला सावरून ती सोबतीण उभी होती. तिने वाकून चिमूटभर माती उचलली, आधी ताईच्या आणि मग माझ्या कपाळाला लावली, आणि माझ्या पाया पडली. वारीची रीत म्हणून मलाही तिच्या पाया पडावे लागले. वारीत समोर आलेल्या माउलीच्या पाया पडताना तिच्या घरी कोण आहे हे आपण विचारत नाही. मी तेवढा एक प्रश्न मनात धरून बसलो होतो, तो तिथेच सोडून दिला.

त्यानंतर दोघी घराचे कागद घेऊन माझ्याकडे आल्या. कर्ज आणि इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा, भाचीच्या नावावर आहे, हप्ते मात्र दोघींनी निम्मे निम्मे भरले आहेत. राहत्या घराचा हिस्सा पतीला किंवा पत्नीला बक्षीसपत्राने द्यायचा असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. या दोघी कायद्याने एकमेकींच्या कोणीच नसल्यामुळे त्यांना बाजारभावाच्या टक्केवारीने शुल्क भरावे लागते. मृत्युपत्र न करता भाची गेली तर घर आधी ताईचे आणि ताई नसेल तर भाचीच्या भावांचे होईल. मृत्युपत्र आम्ही केले आहे, परंतु त्याला आव्हान देता येते हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? जन्मभर मी हेच कागद पाहिले आहेत.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा नात्यांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र समलिंगी विवाहाच्या याचिकांवर त्याच न्यायालयाच्या पीठातल्या पाचही न्यायमूर्तींनी सांगितले की विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा न्यायालय नव्याने लिहू शकत नाही. लग्नाव्यतिरिक्त नात्याला कायदेशीर मान्यता मिळण्याचा हक्क दोघांनी मानला, तिघांनी नाकारला. पुनर्विचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. २०२४ मध्ये केंद्राने शिधापत्रिका, संयुक्त बँक खाते अशा काही बाबींपुरत्या सूचना दिल्या, त्यांचा उपयोग होतो. पण वारसाहक्काचा प्रश्न त्याने सुटत नाही. तो संसदेनेच सोडवायचा आहे, आणि संसदेत माणसे आपण पाठवतो, म्हणून मी माझ्या खासदारांना दोनदा पत्र लिहिले आहे.

उद्या आमच्या देवळात अशी लग्ने लावावी लागतील का, अशी भीती काहींना वाटते. विशेष विवाह कायद्यात देऊळही लागत नाही आणि पुरोहितही लागत नाही. आपल्या घरच्या कार्याला कोणाला बोलवावे हे ज्याचे त्याने ठरवावे, त्यात मी पडणार नाही. सरकारी नोंदवही मात्र सर्व नागरिकांच्या पैशाने चालते, आणि तिच्यातले पान माझ्या श्रद्धेचे कारण पुढे करून कोणी माझ्या भाचीला नाकारू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

गेल्या कार्तिकीला भाचीने मला विचारले की ते विवाह अधिकाऱ्यासमोर म्हणायचे वाक्य दोन स्त्रियांसाठी मराठीत कसे लिहावे लागेल. मी ते माझ्या हाताने लिहून दिले आणि तिने तो कागद इंडेक्स टूच्या मागे लावून ठेवला आहे. तीन साक्षीदार लागतील. एक मी, दुसरी ताई. तिसरे नाव अजून ठरायचे आहे.