स्टाबेकची तीन वर्षे आणि आमचे गोलरक्षक

परदेशी क्लबने एखाद्या भारतीय फुटबॉलपटूशी करार केला की वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते, गावात अभिनंदनाचे फलक लागतात आणि पुढचे काही महिने तो मैदानात दिसला नाही की त्याचे नावच निघेनासे होते. बेळगावच्या कॅम्पात, टिळकवाडीत आणि खानापूर तालुक्यातल्या गावांत फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांशी बोलताना हीच समजूत मला वारंवार आढळते: मुलगा बाहेर गेला म्हणजे त्याचे भले झाले, आणि तिथे त्याला खेळायला मिळाले नाही म्हणजे त्याची वर्षे फुकट गेली. यातले पहिले जितके अपुरे आहे तितकेच दुसरेही अपुरे आहे. ते का, हे समजून घ्यायचे असेल तर भारताचा गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू याच्या नॉर्वेतल्या स्टाबेक क्लबमधल्या तीन वर्षांकडे जरा निवांतपणे पाहायला हवे. त्या तीन वर्षांतला सर्वांत मोलाचा काळ, माझ्या मते, तो जवळजवळ खेळलाच नाही तो होता.

गुरप्रीत 1992 साली पंजाबात जन्मला. चंडीगडच्या सेंट स्टीफन्स अकादमीत त्याने गोलरक्षणाचे धडे घेतले आणि ऐन पोरवयातच तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये दाखल झाला. 2011 च्या जानेवारीत दोह्याला झालेल्या आशियाई चषकासाठी निवडलेल्या भारतीय संघात तो होता. तेव्हा त्याला 19 वे वर्षही पुरे झाले नव्हते. त्या स्पर्धेत गोलमध्ये सुब्रत पाल उभा राहिला आणि गुरप्रीत बाहेर बसून पाहत राहिला. म्हणजे थांबणे त्याला नवे नव्हते, पण घरच्या संघात थांबणे निराळे आणि जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा मुलखात थांबणे निराळे.

ऑगस्ट 2014 मध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी, तो नॉर्वेच्या स्टाबेक या क्लबमध्ये गेला. हा क्लब ऑस्लोलगतच्या बेरुमचा. त्याचे नाडेरुड हे मैदान काही भव्य नाही, पण 2008 साली हाच क्लब देशाचा विजेता ठरला होता. गुरप्रीत आला तेव्हा प्रशिक्षक होते बॉब ब्रॅडली, ज्यांनी आधी अमेरिकेच्या आणि इजिप्तच्या राष्ट्रीय संघांना प्रशिक्षण दिले होते. नॉर्वेचा फुटबॉल मोसम वसंतात सुरू होऊन हिवाळ्याच्या तोंडावर संपतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये येणारा खेळाडू निम्म्याहून अधिक संपलेल्या मोसमात पाऊल टाकतो. संघाची घडी बसलेली असते, गोलरक्षक ठरलेला असतो आणि दोन-अडीच महिन्यांत अंधार व बर्फाचे दिवस सुरू होतात. स्टाबेकचा पहिला गोलरक्षक होता आयव्हरी कोस्टचा सायुबा मांडे, आणि तो चांगला खेळत होता. अशा वेळी प्रशिक्षक दुसऱ्याला कशासाठी उतरवील?

इथे गोलरक्षकाची गोष्ट वेगळी आहे हे लक्षात घ्यायला हवे. आघाडीचा किंवा मधल्या फळीचा खेळाडू राखीव असला तरी शेवटची वीस मिनिटे त्याच्या वाट्याला येऊ शकतात. कोणी थकते, कोणाचा सूर हरवतो, डावपेच बदलतात. गोलची जागा एकच, आणि त्या जागेवरचा माणूस दुखापतीखेरीज सहसा बदलला जात नाही. म्हणून राखीव गोलरक्षक आठवडाभर पहिल्या गोलरक्षकाइतकाच घाम गाळतो, त्याच्यासमोर तेच चेंडू येतात, तेच आडवे क्रॉस, म्हणजे मैदानाच्या कडेने गोलसमोर मारलेले चेंडू, त्याला हवेत झेप घेऊन पकडावे लागतात आणि रविवारी तो अंगावर जाड जॅकेट घालून बाकावर बसतो. हे एका महिन्याचे सोसवते. वर्षभराचे सोसायला वेगळी धाटणी लागते.

गुरप्रीतला पहिला अधिकृत सामना मिळाला तो एप्रिल 2015 मध्ये, नॉर्वेच्या चषक स्पर्धेत, रुनार या खालच्या गटातल्या संघाविरुद्ध. देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये उतरण्यासाठी त्याला आणखी एक वर्ष थांबावे लागले. मे 2016 मध्ये स्टार्ट या संघाविरुद्ध तो गोलमध्ये उभा राहिला, त्याच्यावर एकही गोल झाला नाही आणि युरोपातल्या एका देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळलेला भारतीय म्हणून त्याची नोंद झाली. करार आणि हा सामना यांच्यात जवळपास 21 महिन्यांचे अंतर आहे. आमच्याकडे एखाद्या मुलाला शाळेच्या संघात सलग दोन सामने बाहेर ठेवले तर तिसऱ्या दिवशी वडील मैदानाच्या फाटकाशी उभे असतात, म्हणून हा आकडा मी पालकांना मुद्दाम सांगतो.

त्या 21 महिन्यांत काय घडले ते गुणफलकात सापडत नाही, पण त्यानंतरच्या गुरप्रीतच्या खेळात ते दिसते. जवळपास साडेसहा फूट उंचीचा हा माणूस जाण्याआधीही उंच चेंडू पकडत असे. परत आलेला गुरप्रीत चेंडू यायच्या आधीच दोन पावले पुढे सरकलेला असे, कारण युरोपात गोलरक्षकाकडून आता केवळ चेंडू अडवण्याची अपेक्षा नसते. बचावफळीच्या मागची मोकळी जागा त्याने राखायची असते, मागे दिलेला चेंडू हाताने न उचलता पायाने खेळवायचा असतो आणि पुढच्या चार जणांना सतत ओरडून जागेवर ठेवायचे असते. हे ओरडणे किरकोळ नाही. गोलरक्षक हा मैदानावरचा एकमेव खेळाडू ज्याच्यासमोर सगळा खेळ उघडा असतो, आणि तो गप्प राहिला तर बचावफळी आंधळी होते. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याहून अनुभवी खेळाडूंवर अधिकाराने आवाज चढवायला शिकणे हे शिक्षण कोणत्याही शिबिरात मिळत नाही.

30 जून 2016 रोजी युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत, वेल्सच्या कॉनाज क्वे नोमॅड्स संघाविरुद्ध स्टाबेकने गुरप्रीतला पहिल्या अकरांत घेतले. त्या स्पर्धेत खेळणारा तो पहिला भारतीय ठरला. दुर्दैव असे की दुखापतीमुळे पूर्वार्धातच त्याला बाहेर यावे लागले. इतक्या प्रतीक्षेनंतर आलेली संध्याकाळ अर्ध्या तासात आटोपली तर कोणाचेही मन खचेल. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मुंबईत पोर्तो रिकोविरुद्धच्या सामन्यात भारताच्या कर्णधारपदाची पट्टी त्याच्या दंडावर होती आणि भारताने तो सामना 4-1 असा जिंकला.

ऑगस्ट 2017 मध्ये तो बेंगळुरू एफसीकडे आला. तेव्हा ‘परत आला म्हणजे तिथे जमले नाही’ असे बोलणारे कमी नव्हते. मला तो निर्णय योग्य वाटला आणि आजही वाटतो. पंचविशीत गोलरक्षकाला सराव पुरेसा मिळालेला असतो. आता त्याला हवे असतात सामने, चुका करण्याची आणि पुढच्याच आठवड्यात त्या दुरुस्त करण्याची संधी. ती बेंगळुरूने दिली. 2018-19 च्या मोसमात क्लबने इंडियन सुपर लीग जिंकली. अंतिम सामन्यात एफसी गोवाविरुद्ध जादा वेळेत राहुल भेकेने एकमेव गोल केला आणि दुसऱ्या टोकाला गुरप्रीतने गोल होऊ दिला नाही. 2019 च्या सप्टेंबरमध्ये दोह्यात आशियाई विजेत्या कतारविरुद्ध, नेहमीचा कर्णधार सुनील छेत्रीच्या अनुपस्थितीत, कर्णधार गुरप्रीतने चेंडूमागून चेंडू अडवले आणि सामना 0-0 असा सुटला. ज्यांना स्टाबेकमधली वर्षे वाया गेलेली वाटतात त्यांनी तो सामना एकदा पुन्हा पाहावा.

त्याच्याआधी गेलेल्यांची वाट याहून खडतर होती. भाईचुंग भुतिया 1999 मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबमध्ये गेला, पण तो क्लब इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या पायरीवर होता आणि पुढे आर्थिक संकटात सापडला. 2009 मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने सुनील छेत्रीला घ्यायचे ठरवले, परंतु भारत फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरांत नसल्याने ब्रिटनने कामाचा परवाना नाकारला. खेळाडूच्या पायात कितीही कसब असले तरी त्याच्या देशाची क्रमवारी त्याच्या आड येऊ शकते. नॉर्वेसारखा देश निवडण्यात म्हणूनच शहाणपण होते: लीग चांगली, पण युरोपातल्या बड्या लीगइतकी दुर्लभ नव्हे.

आता आमच्या भागाकडे येतो. फुटबॉलच्या दृष्टीने बेळगाव चमत्कारिक जागी वसले आहे. इथल्या मुलाची नोंदणी बेंगळुरूच्या राज्य संघटनेकडे होते, आणि बेंगळुरू पाचशे किलोमीटरवर. उलट कोल्हापूर आणि गोवा दोन-तीन तासांच्या अंतरावर. कोल्हापुरातल्या पेठांच्या संघांचे सामने पाहायला आमची मुले जातात, चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या क्लबांच्या निवड चाचण्यांना जातात. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि 2020 च्या सुरुवातीला इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावासाठी गेला, ही बातमी इथल्या पोरांना पाठ आहे. छावणी, मिशनच्या शाळा, गोव्याहून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे आणि मराठा रेजिमेंट या सगळ्यांमुळे हा खेळ इथे मुरला आहे. मैदानावर मराठी, कन्नड, कोंकणी आणि उर्दू एकाच वेळी ऐकू येते, आणि ज्या गोलरक्षकाला या चारही भाषांत ‘मागे ये’ म्हणता येते त्याची परदेशातली निम्मी भीती इथेच मोडलेली असते.

मात्र गोलरक्षक घडवण्याकडे आम्ही फारच दुर्लक्ष करतो. जुलैतला पाऊस, तांबड्या मातीचा चिखल, गोलच्या मधोमध साचलेले डबके, आणि त्यात उभा असलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. हातमोजे भिजून जड झालेले, तळव्यावरचा रबराचा थर सुटलेला, त्यामुळे चेंडू धरण्याऐवजी तो मुठीने ढकलतो. सरावात सगळे त्याच्यावर फटके मारतात आणि यालाच आम्ही गोलरक्षकाचा सराव म्हणतो. पाय कसे ठेवायचे, क्रॉसला बाहेर कधी पडायचे, समोर एकटा आघाडीवीर आला तर किती पावले पुढे यायचे आणि कधी थबकायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. पुष्कळदा ज्याला धावता येत नाही त्याला गोलमध्ये उभे केले जाते. हे बदलल्याशिवाय परदेशाची भाषा करण्यात अर्थ नाही.

दुसरी बाब कागदपत्रांची. फिफाच्या नियमानुसार 18 वर्षे पूर्ण होण्याआधी खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे बदली, थोडे अपवाद सोडले तर, होऊच शकत नाही. तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलाला ‘युरोपातल्या क्लबमध्ये लावून देतो’ असे सांगून चाचणीच्या नावाखाली पैसे मागणारा मनुष्य खोटे बोलतो आहे, हे पालकांनी ओळखावे. आमच्या ओळखीतल्या एका घराने अशाच एकाला दागिने मोडून रक्कम दिली. मुलाच्या हाती एक प्रमाणपत्र आले, बाकी काही नाही. खेळाडूचे प्रतिनिधित्व करणाऱ्याकडे फिफाचा परवाना असावा लागतो आणि तो मागून पाहण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

याच नियमांत लहान क्लबांच्या हिताचीही एक तरतूद आहे, जी आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबने घेतला तर त्या रकमेच्या 5 टक्के रक्कम त्याला वयाच्या 12 ते 23 या काळात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटली जाते. समजा व्यवहार एक कोटीचा झाला, तर 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी पंचवीस हजार आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षासाठी पन्नास हजार रुपये त्या त्या क्लबला मिळतात. एवढ्या पैशांत इथल्या एखाद्या मंडळाचे चेंडू, जाळी आणि हातमोजे कित्येक मोसम निघतील. अट एकच की त्या वर्षी तो खेळाडू त्या क्लबकडे रीतसर नोंदलेला असला पाहिजे. तोंडी खेळलेला, वहीत नाव लिहिलेला किंवा दुसऱ्याच्या नावावर उतरवलेला मुलगा या हिशेबात कुठेच येत नाही. दुसऱ्याच्या नावावर खेळवण्याची खोड तर आपण ताबडतोब सोडायला हवी. तिच्यामुळे मुलाचा इतिहासच पुसला जातो.

मुलींबद्दल एवढेच लिहितो की रस्ता त्यांच्यासाठीही उघडला आहे. पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्याची मनीषा कल्याण 2021 मध्ये ब्राझीलविरुद्ध गोल करून आली, 2022 मध्ये गोकुलम केरळकडून सायप्रसच्या अपोलॉन लेडीज संघात गेली आणि त्याच वर्षी महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय झाली. तेव्हा ती विशीतच होती. आमच्या मैदानावर येणाऱ्या मुली दहावीला पोहोचल्या की सराव थांबवतात, आणि हा निर्णय बहुतेक वेळा त्यांचा नसतो.

पावसाळी स्पर्धा सुरू होण्यापूर्वी आमच्याकडच्या सर्व मुलामुलींची नोंदणी, जन्मदाखल्यासह, पूर्ण करण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. त्याचबरोबर आठवड्यातून दोन संध्याकाळी केवळ गोलरक्षकांना शिकवील असा प्रशिक्षक आम्हाला हवा आहे. गोव्यात, कोल्हापुरात किंवा सैन्याच्या संघात गोलमध्ये खेळलेले आणि आता बेळगावात राहणारे कोणी तुमच्या ओळखीत असतील, तर त्यांना हे जरूर कळवा. जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन देण्याची तयारी आहे.