मॅडमनी विचारलेला प्रश्न

कानाच्या पडद्याला भोक पडलं तर तिथे बसवायचा पडदा आम्ही पुण्यातल्या प्रयोगशाळेत रेशमापासून करतो. जालन्याच्या बाजारातले कोष कापायचे, सोडियम कार्बोनेटच्या उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवायचे, म्हणजे सेरिसिन नावाचा डिंक निघून जातो. तो राहिला तर शरीर कुरकुर करतं. उरलेलं फायब्रॉइन, म्हणजे रेशमाचं मूळ प्रथिन, लिथियम ब्रोमाइडमध्ये ६० अंशांवर विरघळवायचं, मग दोनेक दिवस डायलिसिस, म्हणजे तो क्षार बाहेर काढणं. या टप्प्यावर बाटली जोरात हलवली तर द्रावणाची जेली होते, आणि नवा आलेला प्रोजेक्ट असिस्टंट ती हलवतोच. शेवटी साच्यात ओतून वाळवायचं आणि पाण्यात विरघळू नये म्हणून मिथेनॉल द्यायचं.

खरा पडदा साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो, आमचा त्याच्या निम्म्याने. कंपन मोजणाऱ्या लेझर व्हायब्रोमीटरखाली तो जवळजवळ खऱ्यासारखा थरथरतो. त्या कंपनाचा आलेख मी प्रत्येक परिषदेत दाखवला आहे. शिवाय तो काचेसारखा पारदर्शक आहे, म्हणजे ऑपरेशननंतर डॉक्टरांना आरपार मध्यकर्ण दिसेल, हेही पोस्टरवर ठळक अक्षरांत असतं.

एका मोठ्या रुग्णालयातल्या कान-नाक-घसा सर्जन मॅडमनी एकदाचं बोलावलं. ‘क्लिनिकल पार्टनर’ हा अनुदानाच्या अर्जातला रकाना असतो. त्यात सही मिळते, वेळ मिळत नाही. यांनी अख्खा दिवस दिला.

सकाळी टिम्पॅनोप्लास्टी, म्हणजे पडद्याचं भोक बुजवायचं ऑपरेशन, होती. भूल कानापुरतीच, पेशंट बाई जाग्या. त्यांनी विचारलं, हे कोण आलेत? मॅडम म्हणाल्या, “हे रेशमाचा पडदा करतात.” बाई म्हणाल्या, “पैठणीचा का?” सगळं थिएटर हसलं.

कानामागे चीर घेऊन मॅडमनी टेम्पोरॅलिस या कानशिलाच्या स्नायूवरच्या फॅशियाचा, म्हणजे पातळ आवरणाचा, तुकडा काढला. सिस्टरनी तो स्टीलच्या ठोकळ्यावर पसरून दिव्याखाली वाळवला. थोड्या वेळात पापडासारखा कडक. मग भोकाच्या कडा सुईने टोकरून रक्ताळल्या. जुन्या भोकाच्या कडेवर बाहेरची त्वचा आतल्या आवरणाला येऊन भेटलेली असते, शरीराच्या लेखी जखम भरून झालेली असते. ती पुन्हा ताजी केली नाही तर कुठलाच तुकडा धरत नाही. मध्यकर्णात जेलफोम या विरघळणाऱ्या स्पंजाचे तुकडे, त्यावर फॅशिया, तो हातोडी हाडाच्या दांड्याखाली सरकवला आणि झालं. फॅशिया माझ्या फिल्मपेक्षा कितीतरी जाड. शंभरात ऐंशी-नव्वद भोकं त्याने बुजतात आणि तो पेशंटच्याच अंगातून फुकट मिळतो. आमची स्पर्धा कोणाशी आहे हे मला कागदावर माहीत होतं. मायक्रोस्कोपच्या बाजूच्या नळीतून ती बघणं वेगळं.

दुपारी टेम्पोरल बोनच्या (कानाभोवतीच्या हाडाच्या) लॅबमध्ये, देहदानातून आलेल्या हाडावर, आमच्या फिल्मची पाळी. कोरडी होती तोवर मॅडम खूश. ओल लागली आणि ती मऊ पडून क्रोकोडाइल फोर्सेप्स या बारीक चिमट्याला चिकटली. सोडवायला सलाइन टाकलं तर तरंगली. सक्शन जवळ नेलं तर आत ओढली गेली. दुसरी घेतली. ती बसली, पण कड कुठे आहे ते दिसेना. ओल्या जागेत पारदर्शक वस्तू! “अहो, तुमचा पडदा आहे की नाही हेच कळत नाही मला,” मॅडम म्हणाल्या. पोस्टरवरचा ठळक मुद्दा तिथेच गेला. रंग घालावा म्हटलं तर नवा पदार्थ आला, आणि आयएसओ १०९९३ या मानकाच्या जैवसुसंगतीच्या, म्हणजे शरीराला पदार्थ चालतो का याच्या, चाचण्या पुन्हा पहिल्यापासून.

मग चहा घेताना त्यांनी सहज विचारलं, “हा शरीरात हळूहळू विरून जातो ना? मग याचं कंपन कशाला मोजता?”

मी सांगितलं, जायला महिनोन्‌महिने लागतात, तोवर ऐकू यायला हवं. त्या म्हणाल्या, तोवर तर कानात पॅक, म्हणजे भरलेला बोळा, असतो, सूज असते, आणि जाड फॅशियावरही माझे पेशंट ऐकतात.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. जपानमध्ये कानेमारू यांच्या गटाने पडद्याच्या नकलेच्या नादी न लागता वाढीच्या घटकात (पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनात) भिजवलेला जिलेटिनचा स्पंज भोकात ठेवला. २०१९ मध्ये तिथे त्या उपचाराला मान्यताही मिळाली. स्पंजाचं कंपन कोण मोजणार? उलट पर्थच्या मार्कस अॅटलस यांच्या गटाचा ‘क्लिअरड्रम’ आमच्यासारखाच रेशमाचा. हार्वर्डच्या ‘वीस’ (Wyss) इन्स्टिट्यूटमधला ‘फोनोग्राफ्ट’ तर खऱ्या पडद्यातल्या अरीय (मध्यातून कडेकडे जाणाऱ्या) आणि वर्तुळाकार तंतूंची रचना छापतो, म्हणजे नव्या पेशींनी त्या वाटेने वाढावं. मला हा युक्तिवाद पटतो. पण त्यातही महत्त्व वाटेला आहे, माझ्या आलेखाला नाही.

मॅडमचं म्हणणं, फॅशिया एकदा वापरून झालेल्या, दुसऱ्या-तिसऱ्यांदा येणाऱ्या पेशंटसाठी काही आणा, किंवा ओपीडीत खुर्चीवर बसवता येईल असं. तेव्हा मी वही काढून लिहून घेतलं. सध्या कडेला जाडसर रेशमाचं कडं ओतून बघतोय, म्हणजे रंगाशिवाय कड दिसेल आणि चिमट्याला धरायला काही मिळेल. हाताळणीचे गुण मोजायचे कसे, याला आमच्या क्षेत्रातल्या नियतकालिकांत रकाना नाही. मीच एक तक्ता केलाय, मॅडम तो भरून देणार आहेत.

दरम्यान आमच्या जुन्या पेपरच्या परीक्षकाने कंपनाचे आणखी आलेख मागितलेत. ते पुढच्या आठवड्यात पाठवतोय.