तोंडल्यापर्यंत

"काय गं, जे अणूचं केंद्रक कुणी डोळ्यांनी पाहिलंच नाही, ते लांबट आहे हे तुम्हाला कळतं कसं?" मामांनी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी पीएच.डी. करत होते. पुढे शेजाऱ्यांनी विचारलं, विद्यार्थी तर दरवर्षी विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

दोन केंद्रकं थोडी बाजूने आदळून एकजीव झाली की गरगर फिरायला लागतात. सेकंदाला किती गिरक्या? एकावर वीस शून्यं, साधारण तेवढ्या. मग गिरकी मंदावताना केंद्रक पायरी-पायरीने खाली उतरतं आणि दर पायरीला एक गॅमा किरण सोडतं. फुगडीत हात ताणले की वेग कमी होतो, आखडले की वाढतो, ते आठवा. केंद्रक जितकं लांबट, तितकं त्याचं जडत्व आघूर्ण (गिरकीतल्या बदलाला होणारा विरोध) मोठं आणि लागोपाठच्या दोन किरणांच्या ऊर्जेतलं अंतर कमी. उतरताना आकार तसाच टिकला, तर हे अंतर जवळपास सारखं राहतं. वर्णपटावर, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले त्या आलेखावर, फणीचे दात उमटतात.

अशी फणी 1986 मध्ये इंग्लंडमधल्या डेअर्सबरीच्या प्रयोगशाळेत पीटर ट्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाली. पॅलेडियमवर कॅल्शियम-48 चा झोत सोडून त्यांनी डिस्प्रोशियम-152 बनवलं होतं. 602 केईव्हीपासून (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) 1449 केईव्हीपर्यंत 19 रेषा, प्रत्येक दोघींत सुमारे 47 चं अंतर. हिशेब केला तर लांबी रुंदीच्या दुप्पट. म्हणजे तोंडलं.

हे वाचायला सोपं वाटतं. पण त्या डिस्प्रोशियमपैकी जेमतेम एक-दोन टक्के केंद्रकं या वाटेने उतरतात, बाकीच्यांचा नुसता कल्ला. मग काय करायचं, तर वरातीतला एक माणूस, म्हणजे फणीतला एक किरण, धरायचा आणि त्याच्यासोबत त्याच क्षणी कोण कोण आलंय ते पाहायचं. माझं काम लांबट आकारांवर नव्हतं, पण कुलाब्याच्या पेलेट्रॉन या कणत्वरकावर रात्रपाळीत गॅमा किरण टिपणाऱ्या जर्मेनियमच्या डिटेक्टरांना द्रव नायट्रोजन देत मी हीच वरात धुंडाळलेली आहे. पहाटे चार वाजता प्रत्येक उंचवटा रेषा वाटतो, हे अनुभवाचे बोल.

दुप्पटच का? कारण अक्षांचं प्रमाण 2:1 असं पूर्णांकी झालं की केंद्रकातल्या कणांच्या ऊर्जापातळ्यांत पुन्हा मोठ्या फटी पडतात, आणि त्या आकाराला जरा स्थैर्य येतं. मग 3:1 लाही का येऊ नये? त्यापुढचा सगळा शोध या एका प्रश्नातून निघाला. तिप्पट लांबीला फणीच्या दातांमधलं अंतर 30 केईव्हीच्या आसपास यायला हवं. 1993 मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हरच्या गटाने त्याच डिस्प्रोशियम-152 मध्ये तेवढ्या अंतराच्या खुणा दाखवल्या. पण त्या सुट्या रेषा नव्हत्या, अनेक किरणजोड्या एकत्र मांडल्यावर उठलेल्या कडा होत्या. 1995 मध्ये गॅडोलिनियम-147 मध्ये चक्क रेषा सापडल्याचं जाहीर झालं. जास्त बारकाईने मोजल्यावर ते टिकलं नाही. त्या चमूची रात्र कशी गेली असेल, याची मला कल्पना आहे.

अडचण अशी की इतका लांब आकार टिकवायला गिरकी प्रचंड लागते, आणि तेवढ्या गिरकीत केंद्रक भुईमुगाच्या शेंगेसारखं कमरेत बारीक होऊन फुटतं. आकार टिकवणारी गिरकी आणि फोडणारी गिरकी यांच्यामधली जागा अगदी अरुंद. फ्रान्समधल्या स्ट्रासबूरला युरोबॉल या गॅमा डिटेक्टरांच्या संचावर निकेलवर निकेल आदळून महिनाभर फक्त याचसाठी मोजणी केली. कडा पुन्हा दिसल्या, फणी नाही. (युरेनियम फुटण्याच्या मोजणीत तिप्पट लांबीच्या खुणा सांगितल्या जातात, पण तिथे गिरकी अशी वेगवान नसते, म्हणून तो वेगळा विषय.)

मागच्या दिवाळीला मामांना हे सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुमची गाडी तोंडल्यापर्यंतच?"

"हो मामा, तोंडल्यापर्यंतच."