त्रिग्लावला दीड प्रदक्षिणा

आईचे गुडघे गेली चार वर्षं तिला जिना चढू देत नाहीत. त्याआधी साताऱ्यात ती रोज पहाटे अजिंक्यतारा चढून यायची आणि मगच शाळेला जायची. पन्नाशीनंतर तिने कळसूबाई केलं. अशी बाई म्युनिकला माझ्याकडे आली तेव्हा तिला आल्प्स दाखवायचे म्हणून मी आधी केबलकारने दोन शिखरांवर नेलं. दोन्ही ठिकाणी वर कठडा, कॉफी, फोटो काढणाऱ्यांची रांग. आई सगळं बघून म्हणाली, "छान आहे. पण डोंगर जवळून बघितल्यासारखं नाही वाटलं गं."

मग मी लहान विमानाचं ठरवलं, आणि तेही स्वित्झर्लंडचं नाही, स्लोव्हेनियाचं. एक तर हा देश जेमतेम वीस हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे साताऱ्याएवढे दोन जिल्हे एकत्र केले की झाला. दुसरं म्हणजे या देशाने स्वतःची ओळखच एका डोंगरावर ठेवली आहे. त्रिग्लाव, २८६४ मीटर, ज्युलियन आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर. १९९१ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या ध्वजावर हे शिखर आलं, आणि पन्नास सेंटच्या स्लोव्हेनियन नाण्यावरही तेच आहे. त्रिग्लाव म्हणजे तीन डोक्यांचा. त्यातला 'त्रि' ऐकून आईने लगेच कान टवकारले.

म्युनिकहून सकाळी गाडीने निघालो, ऑस्ट्रिया ओलांडला आणि कारावांकेन डोंगरांखालच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे बाहेर पडलो. ब्लेडच्या तळ्याजवळच्या एका गावात खोली घेतली होती. घराच्या मालकीणबाई साठीच्या पुढच्या, इंग्रजी बऱ्यापैकी बोलणाऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "कम ग्रेस्ता?" आणि मग आम्हाला कळलं नाही हे बघून समजावलं: कुठे निघालात, तुम्ही दोघी? एकीला विचारायचं तर वेगळं रूप, तिघींना विचारायचं तर आणखी वेगळं, आणि हे फक्त दोघींचं. 'मिद्वे' म्हणजे आम्ही दोघी. 'ग्रेवा' म्हणजे आपण दोघी जाऊ.

आई दारातच थांबली. "द्विवचन!" ती म्हणाली. "आवाम्. गच्छावः." तिने एकतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं आहे. दरवर्षी आठवीच्या वर्गात कोणीतरी विचारायचंच, बाई, दोघांसाठी वेगळं रूप कशाला पाठ करायचं, असं कोणी बोलतं का? आणि इथे एक बाई कमरेला ॲप्रन बांधून ते बोलत होती. आईने त्यांना तीन वेळा म्हणायला लावलं, वहीत देवनागरीत लिहून घेतलं आणि खाली तारीख घातली.

त्या दिवशी उड्डाण झालं नाही. लेस्त्सेच्या विमानतळावर पोचलो तर पायलटनी नुसतं बोट दाखवलं. दरीत लख्ख ऊन होतं, पण त्रिग्लावच्या डोक्यावर ढगाची टोपी घट्ट बसलेली. ते म्हणाले, "पैसे घेऊन तुम्हाला ढग दाखवू शकतो, पण मला ते बरं वाटणार नाही. उद्या लवकर या." डोंगरात सकाळची हवा शांत असते. ऊन चढलं की उतार तापतात, गरम हवा वर उसळते आणि लहान विमानाला धक्के बसायला लागतात. दुपारी तर गडगडाटी ढगच जमतात. तुम्ही कधी जाणार असाल तर एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा, एवढंच सांगेन.

दुसऱ्या दिवशी साडेआठला आकाश धुतल्यासारखं होतं. लेस्त्सेचा विमानतळ म्हणजे गवताचं लांबलचक मैदान. ही जागा मुळात ग्लायडिंगसाठी नावाजलेली, त्यामुळे कडेला पांढरी शुभ्र, लांब पंखांची ग्लायडर्स एका कुशीवर कलून पडलेली होती. आमचं विमान सेस्ना १७२, चार जणांचं. याचे पंख खिडक्यांच्या वर असतात, म्हणून खाली बघायला आडकाठी येत नाही. पायलटनी आधी आमची वजनं विचारली, मग पंखाखालून पारदर्शक नळीत थोडं इंधन काढून उजेडात धरलं. आईने विचारलं, हे काय बघतात? पाणी मिसळलंय का ते. पाणी इंधनापेक्षा जड, ते तळाला वेगळं दिसतं. आईने मान डोलावली. दुधाची परीक्षा करणाऱ्या बाईला हे पटण्यासारखंच होतं.

आईला पुढे, पायलटच्या उजवीकडे बसवायचं ठरलं. पाय उचलून आत चढणं तिला जमेना, तेव्हा पायलट आतून एक लाकडी स्टूल घेऊन आले आणि तिचा हात धरून उभे राहिले, अजिबात घाई न करता. मी तिच्या मागच्या खिडकीशी. हेडफोन घातल्यावर इंजिनचा आवाज मागे सरला आणि आईचा श्वास माझ्या कानात ऐकू यायला लागला. इतक्या जवळून तिचा श्वास मी शेवटचा कधी ऐकला होता, आठवेना.

गवतावरून धडधडत धावलो, आणि मग धडधड एकदम थांबली.

ब्लेडचं तळं दोनतीन मिनिटांत खाली आलं. बेट, बेटावरचं चर्च, कड्यावरचा किल्ला, सगळं कॅलेंडरवर असतं तसं. त्याबद्दल एवढं लिहिलं गेलं आहे की मी भर घालत नाही. मला जास्त आवडलं ते त्यानंतरचं पोक्ल्युकाचं पठार. स्प्रूसचं काळंभोर जंगल मैलोन् मैल, आणि मधेच कुरणाचा एखादा हिरवा तुकडा, त्यात लाकडी झोपड्या. उन्हाळ्यात गुराखी गुरं घेऊन वर येतात आणि तिथेच चीज करतात. सप्टेंबर सुरू झाला होता, काही कुरणांवर अजून गाई ठिपक्यांसारख्या दिसत होत्या.

विमान चढत होतं, पण हळूहळू. धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर, आणि आम्हाला जायचं होतं तीन हजारांच्या वर. म्हणून पायलटनी बोहिन्यच्या तळ्यावर मोठं वळण घेऊन उंची गाठली. हे तळं ब्लेडपेक्षा कितीतरी मोठं, चार किलोमीटरहून लांब, आणि त्याच्या पश्चिमेच्या टोकाशी तीन बाजूंनी भिंतीसारखे डोंगर. तिथल्याच कड्यातून साव्हित्सा धबधबा पडतो. वरून तो दिसला तो पांढऱ्या दोऱ्याएवढा.

मग झाडं संपली. एका रेषेपर्यंत जंगल, आणि त्या रेषेपलीकडे नुसता दगड. आपला सह्याद्री काळा, लाव्ह्याचे थर थिजून झालेला, पायऱ्या पायऱ्यांचा. हा डोंगर करडा-पांढरा, चुनखडीचा, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला आणि नंतर वर रेटला गेलेला. चुनखडीत पाणी मुरतं, भेगांतून खाली जातं, म्हणून वर ओढे जवळपास नाहीतच. आई म्हणाली, "एवढा पाऊस पडत असेल आणि वर पाणी नाही?" तेवढ्यात पाणी दिसलं. त्या दगडाच्या ओसाडीत एकामागे एक लहान लहान तळी, काही हिरवी, काही जवळजवळ काळी. याला सात तळ्यांची दरी म्हणतात.

पायलटनी इथली गोष्ट सांगितली, मी मागून मराठीत आईला सांगत गेले. ज्लातोरोग नावाचा पांढरा डोंगरी बोकड, त्याची शिंगं सोन्याची. इथे हिरवीगार कुरणं होती, तो त्यांची आणि डोंगरातल्या खजिन्याची राखण करायचा. एका शिकाऱ्याने लोभापायी त्याला गोळी घातली. रक्त सांडलं तिथे लाल फूल उगवलं, ते खाऊन ज्लातोरोग पुन्हा उठला आणि शिकारी कड्यावरून गेला. पण ज्लातोरोगचा विश्वास उडाला तो उडालाच. त्याने शिंगांनी सगळी कुरणं उकरून टाकली आणि निघून गेला. उरला तो हा दगड. आई बराच वेळ खाली बघत राहिली. "उकरल्यासारखंच दिसतंय," ती म्हणाली.

आणि मग उजवीकडच्या खिडकीत त्रिग्लाव आला.

मी फोटोंमध्ये तो शंभरदा पाहिला होता. फोटोंत तो लांब असतो, इथे तो आमच्या उंचीला होता. पायलट म्हणाले, मी उजवीकडून फिरवतो, म्हणजे तुम्हाला दिसत राहील. आम्ही दक्षिणेकडून आलो होतो, विमान पश्चिमेकडे वळलं आणि शिखर आमच्या उजव्या हाताला धरून फिरायला लागलं. आईने हात जोडले. मला वाटलं भीती वाटली असेल, म्हणून मी तिच्या खांद्याला हात लावला. हेडफोनमध्ये आवाज आला, "अगं, उजवी घातली त्यांनी. प्रदक्षिणा आहे ही."

पश्चिमेकडून फिरताना खाली सोचा नदीचं खोरं उघडलं, आणि खूप लांब, दक्षिण-पश्चिमेला, आकाशाच्या कडेला एक चकाकणारी पट्टी. समुद्र. एड्रियाटिकचं पाणी इथून दिसतं हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. ध्वजावर शिखराखाली दोन नागमोडी निळ्या रेघा का काढल्या आहेत ते त्या एका खिडकीत एकदम दिसलं.

उत्तरेला आलो आणि पायाखालची जमीन गेली. त्रिग्लावची उत्तरभिंत सुमारे एक किलोमीटर उंचीची. तिथे ऊन पोचलं नव्हतं, सगळा कडा निळसर सावलीत, आणि तळाशी व्राता दरीचं जंगल. शिखरावर माणसं होती. पाच की सहा, रंगीत जॅकेटं घातलेली, आणि त्यांच्या शेजारी तो छोटासा धातूचा मनोरा. १८९५ साली याकोब आल्याझ नावाच्या पाद्र्याने माथ्यावरची जागा स्वतः विकत घेऊन तो उभारला. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता आणि डोंगर कोणाचा, हा प्रश्न लोकांच्या मनाला लागलेला होता. पहिली चढाई त्याच्याही आधीची, १७७८ सालची, इथल्याच चौघांनी केलेली. वरच्या माणसांपैकी एकाने हात हलवला. आईने खिडकीच्या काचेवर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

माथ्याखाली ईशान्येला पायलटनी एक मळकट, राखाडी डाग दाखवला. मी तर तो ओलसर खडकच समजले असते. ती त्रिग्लावची हिमनदी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती ४० हेक्टरांहून मोठी होती. १९४६ पासून शास्त्रज्ञ ती नेमाने मोजतात. आता एक हेक्टरही उरलेली नाही, तिला हिमनदी म्हणणं सुद्धा जुन्या सवयीचं. पायलट म्हणाले, "मी शिकाऊ असताना हिच्यावर सूर्य पडला की डोळे दिपायचे." पुढे ते काही बोलले नाहीत, आणि मीही हे वाक्य आईला सांगायला थोडा वेळ घेतला.

पूर्वेच्या बाजूला क्रेदारित्साची विसाव्याची जागा, २५१५ मीटरवर, देशातली सर्वांत उंच. हवामान केंद्रही तिथेच आहे. तिथून माथ्याकडे जाणारी धारेवरची वाट, आणि त्या वाटेवर मुंग्यांसारखी माणसं. आईचं सगळं लक्ष आता त्या वाटेवर. "कुठे पकडतात? दोर आहे का? उतरताना कसं?" लोखंडी दोर आणि खुंट्या ठोकलेल्या आहेत, पायलट म्हणाले. एक फेरी पूर्ण झाली, आम्ही पुन्हा दक्षिणेला आलो. त्यांनी न विचारताच आणखी अर्धी घेतली आणि उत्तरेच्या बाजूने व्हर्शिचकडे सरकलो.

व्हर्शिच ही घाटखिंड १६११ मीटरवर आहे. कळसूबाई १६४६. महाराष्ट्राचं छप्पर आणि इथला एसटी जाईल असा घाट, जवळजवळ एकाच पातळीत. वरून रस्ता सांडलेल्या दोरासारखा दिसतो, पन्नास वळणांचा. पहिल्या महायुद्धात सोचाच्या आघाडीवर रसद पोचवायला हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळला आणि त्यात काम करणारे कित्येक कैदी गाडले गेले. मागे राहिलेल्या सोबत्यांनी लाकडाचं छोटं चर्च बांधलं, ते अजून रस्त्याकडेला आहे. झाडीत ते दिसलं नाही. आईला आमच्या जिल्ह्यातलं आपशिंगे आठवलं, त्याच युद्धात इतके जवान गेले की गावाच्या नावाला 'मिलिटरी' शब्द कायमचा चिकटला. कोण कुठल्या डोंगरात जाऊन मेलं, ती म्हणाली.

क्रान्यस्का गोरावरून साव्हाच्या खोऱ्याने परत आलो. डावीकडे कारावांकेनची रांग, तिच्या पलीकडे ऑस्ट्रिया. उतरताना दोन मोठे धक्के बसले, आईने सीटची कड धरली, आणि मग चाकांखाली गवत.

खाली उतरल्यावर ती स्टुलावरच बसून राहिली. पर्समधून पन्नास सेंटचं नाणं काढलं, समोरच्या खऱ्या शिखराशी ताडून बघितलं. पायलटनी वाकून विचारलं, बरं वाटतंय ना? तिने इंग्रजीत सावकाश शब्द जुळवत सांगितलं की तुम्ही उजवीकडून फिरवलंत, आमच्यात देवाला तसंच फिरतात. ते हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली.

संध्याकाळी मालकीणबाईंनी सगळं खोदून खोदून विचारलं. त्या स्वतः दोनदा चढल्या आहेत. पहिल्यांदा वर पोचणाऱ्याला पाठीमागे दोराचे फटके मारून 'बाप्तिस्मा' करतात, ते फटके त्यांना अजून आठवतात. खऱ्या स्लोव्हेनियन माणसाने आयुष्यात एकदा तरी त्रिग्लाव चढावा असं इथे मानतात. आई म्हणाली, "मी पाहिला. चढले नाही. ते वेगळं." मालकीणबाईंनी मान हलवली आणि आतून घड्या फाटत आलेला नकाशा आणला. क्रमा दरीतून वर जाणारी वाट बोटाने दाखवत त्या मला सांगायला लागल्या: कुठे पाणी भरून घ्यायचं, कुठे मुक्काम, उन्हाळ्यात खाट आधी सांगून ठेवायला लागते.

आई चष्मा लावून नकाशावर वाकली होती. क्रेदारित्साच्या वर त्या धारेवर तिने बोट ठेवलं. "इथे दोन्ही हात मोकळे ठेव," ती मला म्हणाली. "मी बघून आलेय."