तुम्ही विचारलंत म्हणून : सपाट रस्त्यावर काय मजा?

‘घाट नाही, किल्ला नाही, धबधबा नाही. नुसत्या सपाट शेतांमधून सायकल हाकायची, तीही जिथे चिटपाखरू नाही अशा वाटेनं. त्यात कसली आलीय मजा?’ हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, आणि सर्वांत जास्त विचारतात ते रविवारी पहाटे वांद्र्याहून नरिमन पॉइंटला जाऊन येणारे आमचे सायकलवाले मित्र. त्यांतल्या निम्म्यांचा जीव कसाऱ्याच्या घाटात अडकलेला असतो. आणि लगेच दुसरा प्रश्न येतो : ‘पण मुंबईत राहून गाड्या नसलेला रस्ता तुला मिळतो तरी कुठे?’

पहिल्याचं उत्तर लवकर देता येतं. घाटात मी आणि नवरा एकमेकांशी बोलत नाही, कारण बोलायला श्वास उरत नाही. हमरस्त्यावर बोलत नाही, कारण मागून डंपर येत असतो. शेजारीशेजारी सायकल चालवत तासभर गप्पा मारता येतील अशी जागा म्हणजे गाड्या नसलेली सपाटी, दुसरी मला तरी ठाऊक नाही. आणि चिटपाखरू म्हणाल तर बगळे, खंड्या, टिटव्या इतक्या असतात की शांततेची फार अपेक्षा धरू नका.

फक्त ‘सपाट म्हणजे सोपं’ हे डोक्यातून काढून टाका. घाट चढलात की उताराची बक्षिशी मिळते, पाय मोकळे सोडून बसता येतं. सपाटीवर अशी सूट नाही. दिवसभर पायडल मारतच राहायचं, एकाच जागी, एकाच पद्धतीनं बसून. शिवाय वारा. आडोसा कुठेच नसतो. ताशी 20 किलोमीटरनं जाताना समोरून ताशी 15चा वारा आला, तर अंगाला लागणारी हवा ताशी 35ची होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वारा नसताना जेवढा असता त्याच्या तिप्पट होतो. घाटाचा माथा निदान दिसतो तरी.

आता दुसरा प्रश्न, ज्यावर मला खरं बोलायचं आहे. रस्त्यांचा नकाशा मिटा आणि पाण्याचा उघडा. सपाट मुलखात गाड्या नसलेली वाट जिथे सापडते, तिथे ती बहुतेक वेळा सायकलसाठी केलेलीच नसते. ती पाणी सांभाळणाऱ्यांसाठी किंवा पाण्यावर पोट असणाऱ्यांसाठी केलेली असते.

जगभरचे सायकलवाले ज्याचं नाव घेतात तो डॅन्यूबकाठचा रस्ता घ्या. जर्मनीतल्या पासाउहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत, तीनशेहून थोडा जास्त किलोमीटर. हौशी सायकलस्वार जन्मालाही आले नव्हते तेव्हापासून ही काठची वाट आहे. प्रवाहाच्या उलट जाणाऱ्या मालाच्या नावा दोरखंडांनी ओढत घोडे तिच्यावरून चालायचे. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या बोटी आल्या, घोडे गेले, वाट उरली. सायकली पुष्कळ नंतर आल्या. ओझं ओढणाऱ्या घोड्यांसाठीची वाट उभ्या चढाची असून चालणारच नव्हती. एवढ्या अंतरात नदी उतरते जेमतेम दीडशे मीटर. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना याच्या तिप्पट चढ काही किलोमीटरांतच पायाखालून जातो. आम्ही पासाउला मुक्काम केला तेव्हा टाउन हॉलच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा बघत बसलो होतो. 2013ची खूण माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. पाचशे वर्षांत इतकं पाणी चढलं नव्हतं म्हणतात. नदीनं असं वरचेवर येऊन गाळ पसरला म्हणूनच तर मैदान सपाट झालं. ज्या सपाटीवर आपण मजेत सायकल चालवतो, ती पुरानं केलेली असते.

पण त्यासाठी व्हिसा काढायला हवा असं नाही. हरिद्वारहून निघणारा वरचा गंगा कालवा प्रोबी कॉटली या इंग्रज इंजिनिअरनं बांधला आणि 1854मध्ये सुरू झाला. त्याच्या काठानं जाणारी पटरी उसाच्या मुलखातून जाते. श्रावणात मात्र तिकडे फिरकू नका, तेव्हा ती कावडवाल्यांची असते. आपल्याकडे नीरा डावा कालवा 1880च्या दशकातला. त्याच्या काठचा सेवारस्ता पाटबंधारे खात्याच्या माणसांसाठी आहे, म्हणून कुठे फाटक लागतं, कुठे पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी सांभाळणारा माणूस, हटकतो. त्याच्याशी दोन शब्द नीट बोललं की तो सोडतो, आणि पुढे कुठे भराव खचलाय तेही सांगतो. गाळपाच्या हंगामात तिथल्या गावरस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर ढणाढणा गाणी लावून येतात. तेवढं सोडलं तर मैलोन्‌मैल तुम्ही आणि पाणी.

मला विचाराल तर मुंबईकरानं एवढंही लांब जाऊ नये. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीत, सायकल चढवावी आणि तासाभरात मांडव्याला उतरावं. 2020च्या मार्चमध्ये ही बोट सुरू झाली आणि आमच्यासारख्यांचं नशीब उघडलं, कारण लोकलच्या लगेजच्या डब्यात फुलवाल्यांच्या आणि मासळीवाल्यांच्या मध्ये सायकल घुसवण्याचं कसब माझ्यात नाही. मांडव्याला उतरलेल्या गाड्या उजवीकडे किहीम, अलिबागला पळतात. त्यांना जाऊ द्यावं. आपण खाडीच्या बाजूला वळावं, खारेपाटात.

सह्याद्रीतून येणारी अंबा नदी पाली, नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीला मिळते. तिनं आणलेला गाळ आणि समुद्राची भरती यांच्या भांडणातून ही जमीन तयार झाली. रांजणखार, मिळकतखार, मानकुळे, शहापूर, धेरंड ही सगळी त्याच पट्ट्यातली गावं. मोठ्या उधाणाला भरती पावणेपाच मीटरपर्यंत चढते, आणि शेतं त्या पातळीच्या खाली असतात. मधे उभा असतो तो मातीचा बांध. या बांधावरच आमची सायकल.

बांधात ठरावीक अंतरावर उघाडी, म्हणजे पाण्यासाठी झडप लावलेली वाट, असते. तिची युक्ती मला अजून बघत राहावीशी वाटते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं झडप आपोआप मिटते, ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही. झडप धड असेपर्यंत भात पिकतं. ती मोडली किंवा बांधाला खांड पडली की खारं पाणी आत येतं आणि जमीन नापीक होते. एका बाजूला कापणी झालेली शेतं, पेंढ्याच्या उडव्या आणि जिताडा माशाची तळी, आणि पुढच्याच वळणावर कधीकाळी शेत असलेल्या जागी दाट तिवरं, असं दृश्य तिथे सर्रास दिसतं. बांध किती गरजेचा आहे हे कळायला एवढं पुरे.

चारचाकीला इथे वावच नाही. बांधाचा माथा अरुंद, उघाडीपाशी तर एका माणसापुरता, आणि गाडी वळवायला जागा कुठेच नाही. गाड्या कुणी बंद केलेल्या नाहीत, त्या येऊच शकत नाहीत. पाटी लावून केलेल्या सायकल ट्रॅकपेक्षा माझा अशा वाटेवर जास्त भरवसा आहे. मुंबईत सायकल ट्रॅकवर काय काय पार्क केलेलं असतं ते आपण जाणतोच.

याच मुलखात पोयनाडजवळ चरी आहे. बांध घालून, राखून कुळांनी पिकवलेल्या भातातला मोठा वाटा खोताकडे जायचा. नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं 1933 साली चरी आणि आसपासच्या गावांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला आणि तो संप 1939पर्यंत चालला. सहा वर्षं पीक नाही. लोक रानातून लाकडं तोडून आणत, खाडीची मासळी धरत, त्यावर घर चालवत. घाटातून किंवा हमरस्त्यावरून जाताना अशी गावं नुसती पाटी होऊन मागे पडतात. ताशी 12च्या वेगानं त्याच मातीवरून जाताना, पडीक ठेवलेली ती शेतं सहा वर्षं कशी दिसली असतील, हा विचार टाळता येत नाही.

माणसं बोलतातही. बांध लिंपत असलेल्या एका आजोबांनी आम्हाला थांबवून आधी सायकल निरखली, मग आम्हाला, आणि काळजीनं विचारलं, ‘गारी बंद परली काय?’ हौसेनं आलोय म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. पाणी मात्र दिलं.

जाणार असाल तर वाऱ्याचा हिशेब करून जा. मांडव्याहून पोयनाड साधारण आग्नेयेला. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, तो जाताना समोरून. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो, तो परतताना समोरून. म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत, या सरळ बेतात दोन्ही वेळा तोंडावर वारा. म्हणून उलट करावं : दुपारच्या बोटीनं मांडव्याला उतरावं, खारा वारा पाठीशी घेऊन जावं, रात्री तिकडेच मुक्काम करावा आणि सकाळी मतलईच्या सोबतीनं परतावं.

जानेवारी, फेब्रुवारी उत्तम. पावसात बांधावर जाऊ नये, ओली माती चाकांत अडकते आणि आपल्या चाकोऱ्यांनी बांधाचंही नुकसान होतं. टायर रुंद असावेत, 35 ते 40 मिलिमीटर, आणि बाभळीच्या काट्यांसाठी एकाऐवजी दोन जादा ट्यूब. उधाणाचे दिवस पंचांगात बघा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे. कुणी बांधावर काम करत असेल तर उतरून, सायकल हातात धरून पुढे जा, वाट त्यांची आहे. आणि शेवटच्या बोटीची वेळ आधीच बघून ठेवा. ती चुकली तर मुंबईला येणारा रस्ता वडखळ-पेणवरून आहे, ट्रकांच्या सोबतीनं, आणि त्याबद्दल तुम्ही मला विचारलेलं नाही.