लाइट गेली की माशांचं काय होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आमच्याकडे आठ फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. घरी येणारा माणूस आधी दोन मिनिटं टाकीपुढे गप्प उभा राहतो, मग विचारतो, “बिल किती येतं हो?” आणि ज्याला स्वतःची टाकी करायची असते तो जाता जाता दारात थांबतो: “पण लाइट गेली की यांचं काय?”

बिलाचं उत्तर सरळ आहे. पंप, पाणी फिरवणारे वेव्हमेकर, फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर, जंतू मारणारा यूव्ही दिवा, उजेडाचे दिवे, पंखे सगळं मिळून रोजचे साडेआठ युनिट. मे महिन्यात पाणी थंड करणारा चिलर चालतो तेव्हा बारा. दुसरा प्रश्न खरा. आमची टाकी त्याच प्रश्नावर बेतलेली आहे.

याआधी चार फुटी टाकी होती. एका मे महिन्यात वळीव कोसळला, झाड तारांवर पडलं आणि रात्री दहाला गेलेले दिवे सकाळी सातला आले. पहिले दोन तास काही जाणवलं नाही. बारानंतर एकेक मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला. आई आणि मी आळीपाळीने तांब्याने पाणी उचलून हातभर उंचीवरून परत टाकीत ओतत होतो, तेवढीच हवा मिसळावी म्हणून. मेणबत्तीच्या उजेडात कोण तगलंय तेही नीट दिसत नव्हतं. सकाळी सातपैकी पाच मासे गेलेले होते. उरलेली क्लाउनफिशची जोडी आज मोठ्या टाकीत आहे.

हे इतक्या लवकर का होतं ते नंतर कळलं. २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, समुद्राच्या पाण्यात त्याहून कमी, पावणेसातच्या आसपास. पाणी तापेल तसा आणखी कमी. आणि तो फक्त मासेच वापरत नाहीत. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू दगडांत वाढलेले असतात, त्यांनाही तोच ऑक्सिजन लागतो. पाणी स्थिर झालं की वरच्या थरातली हवा खाली पोचतच नाही. म्हणून दिवे गेले तरी चालतं, गाळण थांबलं तरी काही तास चालतं, पण पाणी हलायचं थांबता कामा नये.

मोठी टाकी करायचं ठरलं तेव्हा पहिले सहा महिने मी एकही मासा बघितला नाही. कागदावर फक्त वजन आणि वीज मांडत बसलो.

वजनाचं थोडक्यात सांगतो. टाकी आठ फूट लांब, अडीच रुंद, अडीच उंच. पाणी १३०० लिटर, आणि खारं पाणी लिटरला किलोहून थोडं जास्तच भरतं. १९ मिलिमीटरची काच सव्वातीनशे किलो, वर दगड आणि लोखंडी स्टँड. घरातल्या खोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून आखतात. आमची टाकी तेवढ्या जागेत हजार किलो टाकते. आमचं घर तळमजल्यावर आहे म्हणूनच हे जमलं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय काचेची ऑर्डर देऊ नका.

मुख्य टाकीखाली गाळणाची टाकी असते, तिला आम्ही संप म्हणतो. लाइट गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जिथून ते संपमध्ये सांडतं त्या, कडेला येईपर्यंत खाली उतरत राहतं, पाणी वर चढवणाऱ्या रिटर्नच्या पाइपातूनही उलटं येतं. टाकी इतकी पसरट आहे की पातळी एक इंच उतरली की ४७ लिटर पाणी खाली. दोन इंच म्हणजे ९४. संपमध्ये तेवढी जागा कायम रिकामी नसेल तर ते पाणी तुमच्या हॉलमध्ये येणार. पाणी भरलं त्या दिवशी मी मुद्दाम मेन स्विच पाडला आणि पट्टी घेऊन संपासमोर पाटावर बसलो. पाणी चढत चढत काठाच्या चार बोटं खाली थांबलं. स्विच परत लावला, पाणी मूळ जागी आलं, तिथे मार्करने लाल रेघ ओढली. पंप चालू असताना त्या रेघेच्या वर पाणी भरायचं नाही. घरात हे सगळ्यांना पाठ आहे.

बोर्ड टाकीच्या वर किंवा खाली न लावता बाजूच्या भिंतीवर घेतलाय. मीठ वायरींवरून सरपटत जातं, पांढरा थर धरतं, म्हणून प्रत्येक वायर आधी सॉकेटच्या खाली लोंबते आणि मग वर चढते. ओघळ आला तर तिथेच टपकतो. गळती झाली की वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे दोन स्विच (आरसीसीबी) आहेत आणि पंप दोघांत वाटलेत. एकच असता तर एका हीटरला तडा गेल्यावर सगळंच बंद पडलं असतं, आणि आपण गावाला गेलेले असतो.

आधीच्या टाकीला मी घरचाच इन्व्हर्टर जोडून बघितला होता. त्याच्या विजेची लहर चौकोनी, पंप त्यावर गुरगुरायचा आणि तापायचा. आता २४ व्होल्ट डीसीवर चालणारे दोन वेव्हमेकर थेट बॅटरीवर आहेत. १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, वेव्हमेकरचा भार मिळून ४० वॅट. बॅटऱ्या निम्म्याच वापरायच्या म्हटलं तरी दीड दिवस निघतो. बाकी काहीच बॅटरीवर नाही. सगळं जोडलं असतं तर चार-पाच तासांत संपलं असतं.

चिलर घेण्याआधी पंखे लावून बघा, हे मी पुण्याच्या माणसाला आवर्जून सांगतो. माठाचंच तत्त्व. आमचं संप धरून १६०० लिटर पाणी एक अंशाने उतरायला पावणेतीन लिटर पाणी वाफ होऊन जावं लागतं, आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत ते सहज जातं. घटलेलं पाणी तेवढं आरओचं, बिनमिठाचं भरायचं, कारण मीठ उडत नाही. मुंबईच्या किंवा मालवणच्या दमट हवेत याचा फारसा उपयोग नाही, तिथे चिलरच लागेल.

प्रवाळ का नाही, असंही विचारतात. आपल्या समुद्रातलं प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला वाघाइतकं संरक्षण आहे. मालवणला पाण्याखाली जाऊन मी ते पाहिलंय. ते तिथेच राहू दे. आमचे दगड सिमेंटचे आहेत, आणि जे मासे टाकीत जन्मलेले मिळतात ते तसेच घेतो.

पुण्यात गुरुवार विजेच्या दुरुस्तीचा. दहाच्या सुमारास पंख्यांचा आवाज थांबतो, संपमध्ये पाणी चढायला लागतं, आणि दोन वेव्हमेकर फिरतच राहतात. मी उठून लाल रेघेच्या वर पाणी कुठवर आलं ते बघतो आणि परत कामाला बसतो.

परवा ज्यांनी दारात थांबून विचारलं, त्यांनी रविवारी सकाळी या. बोर्ड उघडून दाखवतो. येताना बिलावरचा मंजूर भार किती किलोवॅट आहे तेवढा लिहून आणा, मग टाकीची लांबी ठरवू.